भिंतीवरचा सूर्य

दुकानाच्या पाटीवर त्याचं नाव चांगलं ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं, पण त्या नावाने त्याला हाक मारणारं माणूस शोधून सापडलं नसतं. सगळा रस्ता त्याला ‘सरळबघा’ म्हणायचा. पासपोर्टच्या कचेरीसमोर त्याचा फोटोचा गाळा होता आणि गोल स्टुलावर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला तो वर्षानुवर्षं तेच हुकूम सोडत आला होता. ‘सरळ बघा. हनुवटी खाली. हसू नका. हलू नका.’ एरवी हा माणूस इतका गरीब, की टॅक्सीवाल्याने चुकीच्या गल्लीत सोडलं तरी आभार मानून उतरायचा. पण कॅमेऱ्यामागे गेला की त्याच्या गळ्यातून कुणा हवालदाराचा आवाज निघायचा. त्या आवाजापुढे वकील ताठ बसत, पहिलवान पोट आत घेत, आणि रडणारी पोरंसुद्धा रडणं मध्येच थांबवून समोर बघत.

फोटो हातात पडला की गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, ‘हा मी वाटतच नाही.’ वाटणार कसा? घरच्या आरशात माणूस स्वतःला बरीच सूट देतो. सरळबघाचा कॅमेरा कुणालाच सूट देत नसे. मग तो कॉम्प्युटरवर बसून माणुसकी दाखवायचा. पुटकुळी पुसायची, डोळ्यांखालचं काळं उजळायचं, कपाळावर आलेली चुकार बट बाजूला करायची. हात असा बसलेला, की कुठून काय काढलं ते नंतर त्याचं त्यालाही सापडत नसे. शेजारी बायको कटरवर फोटो कापायची, लिफाफ्यात भरायची आणि गिऱ्हाइकाची समजूत काढायची. ‘छान आलाय हो. पासपोर्टच काढायचाय, लग्न थोडंच जमवायचंय?’

दुकान बरं चालत होतं. पण सरळबघाच्या मनात एक गोष्ट सलत होती. त्याने काढलेले चेहरे अर्जांना चिकटले, त्यांना टाचण्या लागल्या, त्यांच्या कपाळावर गोल शिक्के बसले, पण त्यातला एकही कधी कुणाच्या भिंतीवर लागला नाही. एवढी उमर फोटो काढण्यात गेली आणि लोकांनी मान वर करून बघावा असा एक फोटो आपल्या नावावर नाही, हे त्याला जेवताना आठवायचं आणि घास तोंडातच फिरायचा.

हे दुःख एकट्याचंच राहिलं असतं तर निभावलं असतं. पण बायकोला एक मोठा भाऊ होता.

हा भाऊ विम्याच्या कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला होता आणि आता हौशी छायाचित्रकार मंडळाचा अध्यक्ष होता. अध्यक्षपण त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की घरी ताटावर बसतानाही तो आधी उपस्थितांवरून एक नजर फिरवायचा. अंगात कायम खिशाला खिसा लावून शिवलेलं जाकीट. त्या सगळ्या खिशांत काय आहे हे त्यालाही नक्की ठाऊक नसावं. तो फोटो म्हणत नसे, ‘प्रतिमा’ म्हणे. ऊन चांगलं पडलंय, असं तुम्ही-आम्ही म्हणतो. तो म्हणायचा, ‘आज प्रकाश काहीतरी सांगू पाहतोय.’ प्रकाशाने त्याला नेमकं काय सांगितलं ते मात्र त्याच्या फोटोत कधी उतरलं नाही. आणि बहिणीच्या नवऱ्याची ओळख करून देताना तो आवाज खाली आणून म्हणायचा, ‘हे आमचे जावईबापू. यांचं पासपोर्टचं दुकान आहे.’ ऐकणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्यांना काहीतरी जुनं दुखणं आहे.

बहीण हे ऐकून ओढूनताणून हसायची. घरी आली की भांडी जरा जोरात ठेवायची.

मंडळाला एकदा ओळखपत्रं काढायची होती. सरळबघाने सगळ्यांना दुकानात बोलावून, स्टुलावर बसवून, हनुवट्या खाली करायला लावून फोटो काढून दिले. ते कुणालाच आवडले नाहीत, पण फुकट काढल्यामुळे बोलता आलं नाही. उपकाराची फेड म्हणून त्याला मंडळाचा ‘उमेदवार सदस्य’ करून घेतलं. उमेदवार सदस्याने खुर्च्या मांडायच्या, चर्चेत मान डोलवायची आणि मत विचारलं तर ‘वा’ म्हणायचं. त्याचं एखादं चित्र वार्षिक प्रदर्शनात भिंतीवर लागलं, तर तो पूर्ण सदस्य. नाही लागलं, तर ‘पुढच्या वर्षी बघू’. सरळबघाला पुढच्या वर्षी बघू, असं आधी एकदा सांगून झालेलं होतं. या खेपेला हुकलं तर उमेदवारीही जाणार, असा नवा नियम अध्यक्षाने केला होता. नियम करणं हा त्याचा प्रकाशाखालोखाल दुसरा छंद.

‘या वेळी लागू दे हो एकदा भिंतीवर,’ बायको म्हणाली. ‘दादाच्या तोंडून तुम्हाला छायाचित्रकार म्हटलेलं ऐकायचंय मला. एकदाच. मग पुन्हा खुशाल पासपोर्ट काढत बसा.’ एवढं बोलून तिने इस्त्रीवाल्याला, वरच्या मजल्यावरच्या शेजारणीला आणि औषधाच्या दुकानातल्या मुलीलाही सांगून टाकलं, की यांचा फोटो या वर्षी प्रदर्शनात आहे. त्यामुळे परतीची वाट बंद झाली.

मंडळाचा वर्षातला मोठा दिवस म्हणजे टेकडीवरच्या बागेतली ती संध्याकाळ. बागेच्या कठड्याशी उभं राहिलं की सगळं शहर समोर दिसतं. गच्च्या, पाण्याच्या टाक्या, क्रेन, धुरांडी, आणि त्यांच्यामध्ये डोकं काढून उभ्या असलेल्या दोन उंच इमारती. वर्षातून एकाच संध्याकाळी सूर्य या दोन इमारतींच्या बरोबर मधल्या फटीत उतरतो. ही गोष्ट सूर्याला माहीत नसली तरी मंडळाला माहीत होती, आणि तो जणू मंडळाच्या ठरावानुसारच तिथे येतो असा सगळ्यांचा भाव असायचा. प्रदर्शनाची मुख्य भिंत दरवर्षी या चित्रासाठी राखून ठेवलेली असे.

सरळबघा त्या दिवशी दुकान लवकर बंद करून निघाला. एका हातात कॅमेरा, दुसऱ्यात तिकाटणं, आणि काखेत दुकानातलं गोल स्टूल.

‘अहो, स्टूल कशाला?’ बायकोने विचारलं.

‘असू दे. कठड्याशी जागा मिळते न मिळते.’

मिळाली नाहीच. कठड्याशी उभं राहायचं ते ज्येष्ठतेने, हाही नियम होता. मध्यभागी अध्यक्ष, त्याच्या उजवीकडे चिटणीस, म्हणजे दातांचे डॉक्टर, डावीकडे खजिनदारबाई, आणि मग उतरत्या मानाने बाकीचे. कॅमेऱ्यांची तोंडं एवढी लांब, की कुणाला वाटावं समोरच्या शहरावर हल्ला करायचाय. उमेदवार सदस्याची जागा सगळ्यांच्या मागे, फुलांच्या वाफ्याजवळ. बायकोला तर अध्यक्षाने कठड्यापासून हाताने लांब केलं. ‘नातलगांनी तिकडे बसावं. इथे काम चालू आहे.’ ती कठडा जिथे संपतो तिथल्या दगडी भिंतीच्या टोकावर जाऊन बसली.

दिवसभर ढग होते. मंडळ आकाशाकडे बघून उसासे टाकत होतं. चिटणीसांनी कुणाला तरी सांगितलं, की गेल्या वर्षीचा सूर्य यापेक्षा शिस्तीचा होता. अध्यक्षाने वाट बघण्याच्या कलेवर छोटंसं भाषण केलं. धावायला आलेले लोक त्यांना वळसा घालून जात होते आणि बागेचा रखवालदार ‘गवतावर उभं राहू नका’ म्हणून शिट्टी फुंकत होता. सरळबघा स्टुलावर चढून तोल सांभाळत उभा होता. कॅमेऱ्यात डोळा लावला की त्याला शहर कमी आणि टोप्या जास्त दिसत होत्या.

तेवढ्यात चिटणीसांची नजर त्याच्या कॅमेऱ्यावर गेली. ‘अहो, फ्लॅश लावलाय तुम्ही?’

सगळं मंडळ वळून बघायला लागलं. फ्लॅश ही मंडळात शिवी होती.

‘कायमचाच बसवलाय,’ सरळबघा ओशाळून म्हणाला. ‘दुकानात लागतो ना.’

‘सूर्याला फ्लॅश मारणार हे!’ खजिनदारबाई म्हणाल्या आणि कठड्यावर हशा पिकला. अध्यक्षही हसला, पण जपून, कारण शेवटी नातं होतं. टोकाला बसलेल्या बायकोने मान फिरवली नाही. तिचे कान मात्र लाल झाले, आणि एवढ्या लांबूनही ते सरळबघाला दिसले. त्याला फार वाईट वाटलं. तो फ्लॅश काढायला खाली उतरणार, इतक्यात पश्चिमेला ढग फाटला.

सूर्य आला तो थेट फटीच्या तोंडाशी. लालभडक, गोल, दोन्ही इमारतींना सारखं अंतर ठेवून. खाली पुन्हा काळा ढग आ वासून बसलेला. म्हणजे जे काय आहे ते आत्ताच.  ‘कुणी बोलू नका,’ अध्यक्ष कुजबुजला. सगळ्यांची बोटं बटणांवर गेली.

आणि सरळबघाच्या डोळ्यापुढे काय होतं? पाठमोऱ्या डोक्यांची एक लांब ओळ. एकाचाही चेहरा कॅमेऱ्याकडे नाही. आयुष्यभर जे बघितलं की त्याचा जीव वरखाली व्हायचा, नेमकं तेच. त्याच्या मनात सूर्य होता, प्रदर्शन होतं, बायकोचे लाल झालेले कान होते, पण त्याच्या गळ्याने मनाला विचारलंच नाही.

‘सरळ बघा!’ तो गरजला. ‘हनुवटी खाली! हलू नका!’

सगळं मंडळ गर्रकन मागे वळलं. एकेकदा त्या स्टुलावर बसून आलेली माणसं ती. खांदे सरळ झाले, पोटं आत गेली, ओठ मिटले, हनुवट्या खाली आल्या. अध्यक्षाने तर टोपीसुद्धा काढली, कारण ओळखपत्राला टोपी चालत नाही. सरळबघाने एका नजरेत सगळ्यांचे डोळे उघडे आहेत ना ते पाहिलं आणि बटण दाबलं. फ्लॅश लख्खकन उडाला.

पुन्हा सगळे वळले तेव्हा ढगाचं तोंड मिटलेलं होतं.

त्यानंतर जे झालं ते लिहिण्यासारखं नाही. दातांचे डॉक्टर एरवी दुसऱ्यांना तोंड उघडायला लावतात. त्या दिवशी त्यांनी स्वतःचं उघडलं. खजिनदारबाई पायऱ्यांवर बसून ‘वर्ष गेलं, माझं वर्ष गेलं’ म्हणत राहिल्या. अध्यक्षाच्या कॅमेऱ्यात रखवालदाराच्या बुटांची एक स्वच्छ प्रतिमा आली होती.

‘जावईबापू,’ अध्यक्ष म्हणाला, ‘ही बाग आहे. तुमचं दुकान नाही. उद्यापासून मंडळात यायचं कारण नाही.’

परतताना सरळबघा स्टूल छातीशी धरून चालत होता. ‘अगं, मी काही मुद्दाम नाही केलं,’ तो म्हणाला. बायको म्हणाली, ‘माहीत आहे मला. चला, भूक लागली असेल.’ या बाईला चिडायचा एवढा हक्क होता आणि तिने तो वापरला नाही, याची त्याला जास्तच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्याने तो फोटो कॉम्प्युटरवर उघडला आणि खुर्चीतून अर्धा उठला. सूर्य फटीत होता. बरोबर मध्ये. मागे आभाळ शेंदरी, त्यात गच्च्या आणि टाक्या काळ्या कोरलेल्या, आणि पुढे फ्लॅशच्या उजेडात सगळं मंडळ उजळून ताठ उभं. एकाही चेहऱ्यावर सावली नाही, एकही डोळा मिटलेला नाही.

बायकोने तो वाकून पाहिला आणि दुपारच्या आत भेटेल त्याला सांगून टाकलं. अशा बातमीला पाय फुटतात. संध्याकाळी मंडळाची कार्यकारिणी दुकानात हजर झाली. गिऱ्हाइकांच्या बाकावर अध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदारबाई दाटीवाटीने बसले. बायको लिफाफे आणायला बाजारात गेली होती. अध्यक्षाने घसा साफ केला. त्या संध्याकाळचा सूर्य इतर कुणाकडेच नाही, मुख्य भिंत रिकामी आहे, आणि उद्‌घाटनाला महापौर येणार आहेत. तेव्हा मंडळाने मोठ्या मनाने तुम्हाला क्षमा करायचं ठरवलंय. फक्त एक करायचं. ‘आम्हाला त्यातून काढून टाका. नुसता सूर्य राहू द्या. तुम्हाला ते पुसापुशीचं जमतं.’

‘जमेल,’ सरळबघा म्हणाला आणि त्याने फोटो पडद्यावर मोठा केला.

तिघं पुढे वाकले. प्रत्येकाने आधी आपापला चेहरा शोधला.

‘माझा हा खांदा बरा आलाय,’ चिटणीस म्हणाले.

‘मी बारीक दिसतेय का यात?’ खजिनदारबाईंनी हळूच विचारलं.

या लोकांनी जन्मभर सूर्य, पूल, पक्षी आणि अनोळखी म्हाताऱ्यांचे सुरकुतलेले हात टिपले होते, पण त्यांचा स्वतःचा धड असा फोटो कुणी काढला नव्हता. चिटणीसांनी सरळबघाला बाजूला घेऊन सांगितलं, की बाकीच्यांना काढलंत तरी मला ठेवा, तोल सांभाळला जातो. खजिनदारबाईंनी पाणी प्यायच्या निमित्ताने आत येऊन तेच सांगितलं. अध्यक्षाने कुणाला बाजूला घेतलं नाही. तो उघडच म्हणाला, ‘एका दृष्टीने पाहिलं तर ही मंडळाच्या इतिहासातली महत्त्वाची प्रतिमा आहे. माणूस आणि शहर. असू द्यावं सगळ्यांना.’ ठराव एकमताने मंजूर झाला. फ्लॅशबद्दल आता कुणीच काही बोलेना.

‘पण ही कोण?’ चिटणीसांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ‘सगळे समोर बघतायत आणि ही एकटीच पाठ करून बसलीय. शिस्त बिघडते सगळी.’

भिंतीच्या टोकावर एक बाई बसली होती. अध्यक्षाने चष्मा वर केला, खाली केला, आणि बहिणीला ओळखलं. मग तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, ‘नातं असलं म्हणून काय झालं? मंडळाच्या चित्रात मंडळाचीच माणसं हवीत. काढा.’

‘कोपऱ्यातच आहे ती,’ सरळबघा म्हणाला. ‘राहू द्या ना.’

‘जावईबापू, मुख्य भिंत आहे. खाली तुमचं नाव येणार. पूर्ण सदस्य. तुमचं तुम्ही ठरवा.’

ते गेल्यावर सरळबघा पडद्यासमोर बसून राहिला. त्याने बायकोला मोठं करून पाहिलं. तिचा सैल झालेला अंबाडा, कटर दाबून दाबून उजवीकडे किंचित झुकलेला खांदा. ‘सरळ बघा’ हे शब्द तिने इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकले होते, की ते तिच्यासाठी नव्हतेच. तिची मान सूर्याकडे होती. त्याच्या लक्षात आलं, की तेवढं सगळं लटांबर सूर्य बघायला टेकडीवर गेलं, आणि तो पाहिला एकट्या हिने. स्वतः त्याने तरी कुठे पाहिला? तो लोकांचे डोळे तपासत होता.  हिला विचारावं, असं मनात आलं. सूर्य कसा दिसला तेही, आणि काढू का तेही.

पण विचारलं आणि ती नको म्हणाली तर? आणि शेवटी हे सगळं करायचं कुणासाठी? तिच्यासाठीच ना! फोटोतून काढायची, संसारातून थोडीच? स्वतःची समजूत काढायला बसलेल्या माणसाइतकं भोळं गिऱ्हाईक जगात नसतं. ती लिफाफे घेऊन यायच्या आत त्याने अंबाड्यापासून सुरुवात केली. तिच्या जागी थोडं आभाळ आणलं, दोन गच्च्या वाढवल्या, भिंतीचे दगड एकापुढे एक नीट बसवले. हात बसलेला होताच. काम फार सुंदर झालं.

प्रदर्शनाच्या दिवशी बायको ठेवणीतले कपडे घालून, शेजारणीला बरोबर घेऊन आली. महापौरांनी मुख्य भिंतीवरचा पडदा बाजूला केला, टाळ्या पडल्या. मंडळातले सगळे आपापल्या चेहऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. अध्यक्षाने भाषण लांबवलं, पण शेवटी तो म्हणाला, ‘आणि ही प्रतिमा टिपणारे आमचे मेहुणे, छायाचित्रकार...’ पुढचं तिला ऐकूच गेलं नसावं. तिने शेजारणीचा हात घट्ट दाबला. तिचे डोळे भरले होते, आणि लांबून तिच्याकडे बघताना सरळबघाला क्षणभर खरंच वाटलं, की आपण केलं ते बरोबर केलं.

गर्दी ओसरल्यावर ती पुढे आली. आधी तिने चित्राखालचं नवऱ्याचं नाव वाचलं. मग शेजारणीला एकेक चेहरा दाखवत चालली. हा दादा, हे दातांचे डॉक्टर, या बाई पैसे सांभाळतात. ‘आणि मी इथे,’ असं म्हणत तिने बोट पुढे नेलं. बोटासमोर दगड होते.

ती थोडी मागे सरून बघायला लागली. पुन्हा जवळ गेली. तिने दगड बघितले, वरचं आभाळ बघितलं. एवढी वर्षं त्याच हाताशेजारी बसून ती फोटो कापत आली होती. तो हात तिला ओळखता येणार नाही असं त्याला का वाटलं, देव जाणे.

‘इथे होतात तुम्ही?’ शेजारणीने विचारलं.

‘हो. इथून फार छान दिसत होतं,’ ती म्हणाली.

‘अगं, फक्त सदस्य घ्यायचं ठरलं होतं,’ अध्यक्ष पलीकडून म्हणाला. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती नवऱ्यापाशी आली आणि त्याच्या कॉलरवर पडलेला धागा उचलता उचलता, शेजारणीला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, ‘गिऱ्हाइकाच्या गालावरचा तीळ काढायचा झाला, तरी आधी विचारता तुम्ही.’

 सभागृहाचा शिपाई खुर्च्या गोळा करत होता, कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारून ‘अभिनंदन’ म्हणून गेलं. मग त्याने विचारलं, ‘कसा होता गं? सूर्य. मी बघितलाच नाही.’

‘लागलाय की भिंतीवर,’ ती म्हणाली. ‘बघा आता.’ आणि शेजारणीला घेऊन जिना उतरायला लागली.